बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नका



एरवी या पानावर आम्ही बेणे, लागण, खते आणि खोडवा याविषयी लिहितो. या खेपेस विषय बाळंतपणाचा आहे. शेतकी विभागाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु गळीत हंगामात आम्ही रोज फडावर असतो. पोटुशी बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे चाललेली दिसते, कोपीत ओली बाळंतीण दिसते. सभासदांच्या घरीही लेक बाळंतपणाला आलेली असते, आणि हल्ली पुष्कळजणींचे सिझर होते. बाळंतपणातला जंतुसंसर्ग घर बघत नाही की कोपी बघत नाही. वेळीच ओळखला तर तो बहुतेक वेळा आटोक्यात येतो. उशीर झाला तर बाई हाती लागत नाही.

रोग हत्यारावरून जातो, हातावरूनही जातो

ऊसवाल्याला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. खोडव्याची वाढ खुंटविणारा जो रोग आहे, तो जंतूंमुळेच होतो. रोगट बेटावर चाललेला कोयता निरोगी बेटावर चालला की रोग तिकडे जातो. वरून ऊस चांगला दिसतो, पुढे खोडवा मार खातो. म्हणूनच आम्ही उष्ण बाष्प प्रक्रिया केलेले बेणे घ्या, कोयता निर्जंतुक करा, असे दरसाल सांगत असतो.

माणसाच्या बाबतीत हे कळायला फार बाया मराव्या लागल्या. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बाया कितीतरी जास्त. तेथे जाण्यापेक्षा रस्त्यात बाळंत झालेले बरे, असे बाया म्हणत. १८४७ साली तेथील डॉक्टर सेमेलवाइस यांचा एक मित्र शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडला आणि दगावला. त्याच्या शरीरात बाळंतज्वरासारख्याच खुणा आढळल्या. सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की, डॉक्टर मंडळी मुडद्यांची चिरफाड करून तशीच बाळंतिणीकडे येतात आणि हातावरून रोग आणतात. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात १८ बाया दगावत होत्या, जूनमध्ये ते प्रमाण २ च्या आसपास आले. औषध काही नवे नव्हते, फक्त हात धुतले गेले. तरी त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांना ते पटले नाही. पुढे १८७९ मध्ये पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतूच दाखवून दिले.

गरोदरपणी काय बघावे

गरोदरपणात लघवीच्या नळ्या सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा दाबही पडतो. लघवी साचून राहते आणि जंतूंना वाढायला जागा मिळते. शंभरातल्या सुमारे २ ते १० गरोदर स्त्रियांच्या लघवीत जंतू असतात, पण त्यांना जळजळ वा ताप काहीच नसतो. उपचार न झाल्यास त्यातील काहींच्या मूत्रपिंडापर्यंत रोग चढतो, थंडी वाजून ताप येतो आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीती राहते. म्हणून "मला काय होतंय?" असे न म्हणता लघवीची तपासणी करून घ्यावी. फडावर पाणी कमी पिणे आणि आडोसा नाही म्हणून लघवी तुंबवून धरणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

पाणमोट फुटली आणि कळा नसल्या, तरी घरी वाट बघत बसू नये. जसजसे तास जातात तसतसा आत जंतू शिरण्याचा धोका वाढतो. त्या पाण्याला घाण वास असेल किंवा अंगात ताप असेल, तर जास्तच घाई करावी.

सिझरची जखम

सिझरने कितीतरी माता आणि बाळे वाचतात, तेव्हा डॉक्टरांनी गरज सांगितली तर घाबरू नये. मात्र नैसर्गिक बाळंतपणापेक्षा सिझरनंतर जंतुसंसर्गाचा धोका ५ ते २० पट असतो, हे ध्यानात असू द्यावे. बाहेर टाके दिसतात, पण आत गर्भाशयालाही जखम असते. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे कातडीला छेद देण्यापूर्वीच जंतुनाशक इंजेक्शन देतात. बेणे लावण्याआधी प्रक्रिया करावी, तसेच हे आहे.

नैसर्गिक बाळंतपणातही धोका उरतोच. २०२३ साली सात देशांतील २९ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात नागपूर व बेळगाव ही केंद्रेही होती. कळा सुरू असताना अ‍ॅझिथ्रोमायसिन या औषधाचा एकच डोस दिल्यावर रक्तात विष भिनण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण हजारी २४ वरून १६ वर आले. याचा अर्थ दुकानातून गोळी आणून द्यावी असा नव्हे. औषध कोणते, केव्हा आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आणि दिलेला कोर्स मधेच सोडू नये. अर्धवट औषधाने कीड दबते, मरत नाही, हे आपण शिवारात बघतोच.

घरी आल्यावर पुढील पथ्ये पाळावीत :

१. टाक्यांची जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी. हळद, राख, तेल काही लावू नये.

२. शेगडीचा शेक टाक्यांवर घेऊ नये.

३. बाळाला व बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. बघायला येणाऱ्यांनी बाळंतिणीच्या अंथरुणावर बसू नये.

४. कपड्याच्या घड्या वापरत असल्यास साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. लाजेखातर अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालू नयेत.

धोक्याच्या खुणा

बाळंतपणानंतर ४२ दिवस लक्ष ठेवावे, त्यातही पहिले दहा दिवस डोळ्यांत तेल घालून. शंभर अंशांवर ताप, हुडहुडी, ओटीपोटात दुखणे, अंगावरून जाण्यास घाण वास, टाक्यांना लाली, सूज वा पू, श्वास जोरात चालणे, लघवी कमी होणे, बाई बडबडू लागणे किंवा सुस्त पडणे, यापैकी एक जरी खूण दिसली तरी त्याच वेळी दवाखाना गाठावा. "दूध उतरताना ताप येतोच," असे म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाया थांबवितात. तो ताप दुधाचा की जंतूंचा, हे घरी बसून कळत नाही.

फडावरची जबाबदारी

ऊसतोडीला आलेल्या बाईला माहेर नाही, ओळखीचा दवाखाना नाही. खाडा पडेल या भीतीने ती ताप अंगावर काढते. येथे मुकादमाने व फडमालक सभासदाने पुढे व्हावे. टोळी आली की गरोदर बायांची नावे जवळच्या आरोग्य उपकेंद्रात कळवावीत. त्यांनी गावाकडून माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणले आहे ना, हे विचारावे. सरकारी दवाखान्यात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या व रक्त मोफत आहे. १०८ क्रमांकावर गाडी मिळते. प्यायला पाणी आणि आडोसा एवढी सोय तर ज्याच्या त्याच्या बांधावर होऊ शकते.

एका दिवसाने तोड पुढे गेली तर उसाचे फारसे बिघडत नाही. रक्तात जंतू भिनलेल्या बाळंतिणीचे मात्र काही तासांत बिघडते. तेव्हा अशी वेळ आल्यास तोडीचा विचार मागे ठेवून आधी गाडी बोलवावी, आणि गट कार्यालयास किंवा चिटबॉयजवळ निरोप द्यावा, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग