आजीची माळ आणि डिमसमची टोपली

‘‘लिही, पण गावाचं नाव नको घालूस,’’ असं सासूबाईंनी बजावलंय. तेव्हा मैत्रिणींनो, गावाचं नाव नाही. बार्शीच्या आसपासचं एक खेडं, एवढंच समजा. आणि हॉटेलचंही नाव नाही. कारण जे झालं, त्यात हॉटेलाइतकीच माझीही चूक होती.

आम्ही राहतो रावेतला. पवनेच्या काठचं हे गाव. इथल्याच बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडला पाणी जातं. एकेकाळी शेती होती, आता जिकडे बघावं तिकडे उंच इमारती. आमच्या सोसायटीत जळगावची वहिनी आहे, लातूरची काकू आहे, साताऱ्याची ताई आहे. कुणाचा नवरा चाकणला कंपनीत, कुणाचा हिंजवडीला. संध्याकाळ झाली की चौकाचौकात चायनीजच्या गाड्या लागतात. लाल पाटी, त्यावर ड्रॅगन, मोठ्या कढईचा खडखडाट आणि लसूण-मिरचीचा ठसका. आमच्या पोरांना वरण-भात नको, पण मंचुरियन म्हटलं की उड्या!

सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातल्याला तीस वर्षं होऊन गेली. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीला असतो, म्हणून दरवर्षी त्या आधीच आमच्याकडे येऊन राहतात. त्या वर्षी लेकीचा पहिला पगार झाला होता. ती हटूनच बसली, ‘‘आजीला मी हॉटेलात नेणार. आणि साधं चायनीज नाही हं, डिमसम!’’

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, ‘‘चला हो आई. सगळं व्हेजच मागवू.’’

हे वाक्य मला नंतर फार छळणार होतं.

हा तर चीक!

हॉटेल झकास होतं. एसी, मंद दिवे, कागदी कंदील. आधी फुलांचा वास असलेला कोरा चहा आला. दूध नाही, साखर नाही. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. लेक म्हणाली, ‘‘आजी, डिमसम चहाबरोबरच खातात. हाँगकाँगला सकाळी चहा प्यायला जायचं म्हणजे डिमसम खायलाच जायचं. आणि शेजारच्यानं कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हळूच आपटायची. तेच धन्यवाद.’’ हे मात्र सासूबाईंना आवडलं. त्या पुढचा अर्धा तास पाणी वाढणाऱ्या पोरासमोरही बोटं आपटत होत्या!

मग बांबूची टोपली आली. झाकण उघडलं, वाफ गेली आणि आत चार छोट्या पुरचुंड्या. पारी इतकी पारदर्शक, की आतलं गाजर आणि मका दिसत होता. मी म्हणणार होते, आपल्या मोदकांसारखंच आहे की! पण सासूबाईंनी एक उचलली, दिव्यासमोर धरली, बोटानं दाबली आणि म्हणाल्या, ‘‘हे तांदळाचं नव्हे. हा गव्हाचा चीक आहे. कुरडईचा.’’

लेकीनं वेटरला विचारलं. तो आत जाऊन आला. ‘‘हो, गव्हाचं स्टार्च आहे.’’

बघा! गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, चोथा बाजूला काढायचा, खाली बसलेलं पांढरं सत्त्व घ्यायचं. आपण उन्हाळ्यात तेच शिजवून कुरडया घालतो. चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातले लोक तेच सत्त्व उकळत्या पाण्यात भिजवून पारी लाटतात. शिजलं की दोन्ही काचेसारखं दिसतं. सासूबाईंचा चेहरा असा फुलला, की ज्याचं नाव ते.

मग दुसरी टोपली आली. दिसायला अगदी पहिलीसारखीच. सासूबाईंनी एक तोंडात घातली, दोनदा चावली आणि थांबल्या.

‘‘हे चिवट लागतंय गं,’’ त्या म्हणाल्या.

मी उरलेल्यांपैकी एक फोडली. आत गुलाबी कोळंबी होती.

‘बिलातून कमी करतो’

त्यांनी घास रुमालात काढला, पाणी मागितलं आणि चूळ भरायला गेल्या. परत आल्या तेव्हा एक हात गळ्यातल्या माळेवर होता आणि तो थरथरत होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅनेजर आला. ‘‘सॉरी मॅडम, व्हेज आणि प्रॉन सेमच दिसतं. ही प्लेट बिलातून कमी करतो.’’ लेक उसळली, ‘‘पैशाचा प्रश्न आहे का हा?’’ आजूबाजूची टेबलं बघायला लागली. तेवढ्यात आतून आचारी आला. बावीस-तेवीसचा पोरगा, हाताला पीठ तसंच. सासूबाईंसमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, ‘‘आजी, गलती मेरी है. टोकरी मैंने दी.’’

मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘या चिन्यांना काय कळणार आपलं सोवळं-ओवळं?’’

त्या पोराला मराठी कळत होतं. त्याची मान खाली गेली. हळूच म्हणाला, ‘‘मैं दार्जिलिंग का हूँ.’’

खरं सांगू? तोपर्यंत मीही त्याला चिनीच समजत होते.

सासूबाईंनी मान वर केली. ‘‘दार्जिलिंग म्हंजे चहाचं ना? लई लांबून आलास रे बाळा.’’ मग थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘मुद्दाम नाही केलंस तू. पण दोन सारणं आणि एकच आकार, असं करू नये. आमच्यात गोडाच्या करंजीला मुरड घालतात आणि तिखटाची कातणानं कापतात. अंधारात हात घातला तरी कळतं.’’

लेकीनं हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, एरवी व्हेजच्या पिठात पालकाचा हिरवा रंग असतो, त्या दिवशी संपला होता. एवढीशी गोष्ट, पण एका बाईचं तीस वर्षांचं व्रत तिच्यावर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. दिवसभर हरिपाठ. मी स्वयंपाकघरात चोरासारखी वावरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी गावाकडच्या कीर्तनकार बुवांना फोन लावला. माळ पुन्हा घालून घ्यावी लागेल का, हे विचारलं. बुवा म्हणाले, नकळत घडलं, नाम घ्या, मनाला लावून घेऊ नका. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, ‘‘आता तूही खाली मान घालून हिंडू नकोस. पण एक सांग, तू त्यांना नीट विचारलं का नव्हतंस?’’

आपण विचारत का नाही?

या प्रश्नानं माझी झोप उडाली. कारण उत्तर मला माहीत होतं. मला लाज वाटली होती.

मंडईत आपण भेंडीचं एकेक शेंडं मोडून बघतो. दूधवाल्याला पाणी घातलं का म्हणून दारात उभं करतो. पण एसी हॉटेलात, इंग्रजी मेनूकार्ड हातात आलं की आपली वाचाच बसते. पदार्थाचं नाव चुकीचं उच्चारलं तर? वेटर हसला तर? लोक गावंढळ म्हणाले तर? मग ‘हेच द्या’ म्हणून बोट दाखवून मोकळ्या होतो. माझ्या कितीतरी मैत्रिणींनी हेच सांगितलं. एकीनं सूप अर्धं प्यायल्यावर त्यात चिकनचं पाणी असल्याचं कळलं. एकीनं व्हेज म्हणून मागवलेल्या नूडल्समध्ये अंडं निघालं.

आणि गंमत अशी, की ज्याच्यासमोर आपण एवढ्या बुजतो, ते ‘चायनीज’ निम्मंअधिक आपलंच आहे! अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक कोलकात्यात येऊन राहिले. त्यातले हाक्का समाजाचे लोक चामड्याच्या धंद्यात होते, त्यांची टांगरा वस्ती प्रसिद्ध आहे. त्यांच्याच नावावरून आपल्या हाक्का नूडल्स. कोलकात्यातच जन्मलेले नेल्सन वांग मुंबईला आले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना १९७५ साली त्यांनी कांदा-लसूण-मिरची परतली, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, वर कॉर्नफ्लोअर, आणि चिकन मंचुरियन जन्माला आलं. चीनमधल्या मांचुरियाला त्याचा पत्ताही नाही. कोबीचं मंचुरियन त्याचंच धाकटं भावंड.

शेजवानचंही तसंच. सिचुआन प्रांताचं नाव, पण तिथल्या जेवणाचा जीव असलेली, जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी आपल्या गाडीवरच्या चटणीत नसतेच. तिथं असते ती लाल मिरची आणि लसूण. त्या मिरीची सख्खी नातलग मात्र आपल्याकडे आहे. कोकणात बांगड्याच्या कालवणात घालतात ते तिरफळ!

पदार्थ आपण आपलासा केला, माणसाचं काय? १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालमधल्या तीन हजारांच्या आसपास चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. त्यातले अनेक जण इथंच जन्मलेले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा पसरल्या आणि ईशान्येकडची हजारो मुलंमुली बंगळूरूहून, आपल्या पुण्याहूनही, मिळेल त्या गाडीनं गावी पळाली. हॉटेलात वाढणारी, पार्लरमध्ये आपल्या भुवया कोरणारीच ही मुलं. त्यांच्या हातचं आपण आवडीनं खातो आणि त्यांनाच परकं म्हणतो. त्या दिवशी मागच्या टेबलावरचं वाक्य माझ्या तोंडचं नव्हतं, पण मनातलं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

हॉटेलात जाल तेव्हा...

● ‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारू नका. ‘सॉस कुठला घातलाय?’ असं विचारा. ऑइस्टर सॉस कालवांपासून आणि फिश सॉस माशांपासून बनतो, आणि दोन्ही चवीपुरते भाजीतही पडू शकतात.

● सूपचं पाणी भाजीचं की चिकनचं, नूडल्समध्ये अंडं आहे का, तळायचं तेल एकच आहे का, वाफवायची टोपली वेगळी आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. माळ असेल, व्रत असेल तर तसं स्पष्ट सांगा.

● कोळंबी, शेंगदाणे, तीळ यांची अ‍ॅलर्जी असेल तर हे विचारणं हौस नव्हे, गरज आहे.

● दोन टोपल्या सारख्या दिसल्या तर एक फोडून बघा. त्यात कसली आलीय लाज?

● अजिनोमोटोचा फार बाऊ नको. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ही चव शोधली. १९६८ मध्ये एका डॉक्टरांच्या पत्रामुळे त्याची भीती पसरली, पण पुढच्या चाचण्यांत ठाम पुरावा मिळाला नाही. काहींना त्रास होतो, त्यांनी टाळावं. खरी काळजी घ्यायची ती मिठाची. सोया सॉस म्हणजे मीठच! घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर ‘सॉस कमी’ असं जरूर सांगा.

● घरी सॉसची बाटली आणताना हिरवा ठिपका बघा. मांसाहारासाठी आधी तपकिरी ठिपका असायचा, २०२० च्या नियमांनी तिथे तपकिरी त्रिकोण आणला.

फोन आला...

यंदा उन्हाळ्यात गावाहून सासूबाईंचा फोन आला. कुरडयांचा चीक काढला होता. त्यातला थोडा बाजूला ठेवून त्यांनी कोबी-गाजराचं सारण भरलं आणि मोदकपात्रात उकडलं. पारी फाटली! ‘‘त्या दार्जिलिंगच्या पोराला विचार, चिकात आणखी काय घालतो ते.’’

मी गेले. एकटीच. मॅनेजरला म्हटलं, तुमच्या आचाऱ्याशी बोलायचंय. तो जरा दचकला, पण पोरानं मला लगेच ओळखलं. म्हणाला, ‘‘आजी कैसी हैं?’’ मग सांगितलं, की नुसता चीक ठिसूळ होतो, त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ घालतात. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तेच ते. पाणी मात्र खळखळतं हवं आणि पारी झाकून ठेवायला हवी, वाळली की तडकते.

निघता निघता मी विचारलंच, ‘‘व्हेजच्या टोपल्या कुठं ठेवता?’’ त्यानं मला आत नेऊन दाखवल्या. वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं आणि टोपलीच्या कडेला हिरवा दोरा बांधलेला.

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘साबुदाणा? मग उपासाला चालेल की!’’

‘‘अहो आई, गव्हाचा चीक आहे त्यात.’’

‘‘हां, ते बी खरं,’’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग जरा थांबून विचारलं, ‘‘दोरा त्यानं बांधला?’’

‘‘हो.’’

‘‘बरं झालं,’’ म्हणाल्या. ‘‘पालखीला येईन तेव्हा त्याच्यासाठी कुरडया आणते.’’