सासू 'सौंदर्या', बहीण 'श्वेता': गोरेपणाच्या हट्टाला लेखक चिमटा कसा काढतात?

मानोरा: लग्नाचा बायोडाटा हल्ली व्हॉट्सॲपवरच फिरतो. मानोऱ्यातला असो की मुंबईतला, जन्मवेळ, रास, उंची यांच्या खाली एक ओळ बहुतेक वेळा असतेच: रंग. गोरा, निमगोरा, गव्हाळ. 'काळा' कुणी लिहीत नाही, फार तर 'सावळा'. मुलीचं शिक्षण कितीही असो, नजर आधी त्या ओळीवर जाते. या नजरेला मराठी लेखक शंभरहून अधिक वर्षं चिमटे काढत आलेत, तेही भाषण न देता. मग कसे?

सगळ्यात ओळखीचं उदाहरण टीव्हीवरचं. 'स्टार प्रवाह'वर २०१९ ते २०२३ या काळात चाललेल्या 'रंग माझा वेगळा' मालिकेत रंगावरून हिणवली जाणारी नायिका आहे दीपा. तिचा रंग खुपणाऱ्या सासूचं नाव सौंदर्या आणि गोऱ्या सावत्र बहिणीचं नाव श्वेता, म्हणजे पांढरी. जिला काळी म्हणतात तिच्या नावात उजेड आणि जिच्या नावात सौंदर्य तिच्या तोंडी टोमणे. याला म्हणतात उपरोध. नावं ठेवतानाच लेखकाने अर्धं काम उरकलेलं असतं.

गोम एवढीच की, दीपा साकारणाऱ्या रेश्मा शिंदेचा रंग मेकअपने गडद केला होता. सावळेपणावरच्या मालिकेतही सावळी नायिका रंगवूनच आणावी लागली! सचिन कुंडलकर यांच्या 'वजनदार' (२०१६) चित्रपटासाठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी निदान खरंच वजन वाढवलं होतं.

दुसरी युक्ती जुनी आहे, अतिशयोक्तीची. राम गणेश गडकरी (निधन १९१९, सावनेर) यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने ठकीच्या लग्नाची गोष्ट लिहिली. रूपाने डाव्या ठकीसाठी वर शोधणं म्हणजे जणू लढाईची मोहीम. एका मुलीच्या लग्नासाठी एवढी फौजफाट्याची भाषा वाचली की स्थळं पाहण्याचा अख्खा बाजार हास्यास्पद वाटू लागतो. पण हसू ठकीच्या रूपावरही येतं, हे आज वाचताना खटकतं.

हसू नेमकं कुणावर, हे ठरतं कथा कुणाच्या नजरेतून सांगितली यावर. माझ्या मते हीच सगळ्यात धारदार युक्ती. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या कादंबरीत पिकोला ही कृष्णवर्णीय मुलगी निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करते. कादंबरी सुरू होते शाळेच्या वाचनपाठासारख्या उताऱ्याने: सुंदर घर, सुखी कुटुंब. तोच उतारा पुन्हा येतो, तेव्हा विरामचिन्हं गायब. तिसऱ्यांदा शब्दांमधली जागाही गायब, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली. मोबाइलवर वाचलं तर फॉन्ट बिघडला असंच वाटेल. पिकोलासारख्या मुलीपर्यंत तो 'सुंदर' धडा कसा पोहोचतो, हे छपाईतूनच कळतं.

मानोरा तालुक्यातच अशा कथेचं सामान पडून आहे. पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून तांडे येतात. जुन्या पिढीतल्या बायांच्या अंगावर गोंदण, दंडापर्यंत बांगड्या, आरसे-कवड्या लावलेला पेहराव. हा नटण्याचा वेगळाच हिशेब आहे. तांड्यातल्या एखाद्या आजीच्या नजरेतून नातीची गोष्ट कुणी लिहिली, तर तिचं वर्णन गोंदणापासून सुरू होईल. रंगाची ओळ त्यात कदाचित येणारही नाही.