दैत्य हरला, नाव मंगळावर पोहोचले

लोणारची आख्यायिका बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी सांगितली जाते. लोणासुर उर्फ लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून लोकांना छळत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने त्या बिळावरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. जिंकलेल्या वीराचे ‘दैत्यसूदन’ हे नाव गावातल्या कोरीव मंदिराला मिळाले. हरलेल्या दैत्याचे नाव मात्र गावाला आणि सरोवराला चिकटले, आणि तिथून ते विज्ञानात गेले.

विज्ञान सांगते, हा खड्डा अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडला. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आर्गॉन कालमापनानुसार त्याचे वय साधारण ५ लाख ७० हजार वर्षे येते.

लवण म्हणजे मीठ. सरोवरात येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. त्यात आपल्या पापडखाराच्या कुळातले सोडियम कार्बोनेटही असते. त्यामुळे पाण्याचा सामू १० च्या घरात जातो. दैत्याच्या नावातच पाण्याचे रसायनशास्त्र आले आहे.

अशा पाण्यातही सूक्ष्मजीव सुखाने नांदतात. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’तील शास्त्रज्ञांनी येथे सापडलेल्या एका जिवाणूचे २०१२ मध्ये ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ असे बारसे केले. पहिला शब्द संस्थेच्या आद्याक्षरांवरून घडवलेला, तर दुसऱ्याचा अर्थ ‘लोणारचा’. मंगळावरील लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावे देतात. त्या यादीतही ‘लोणार’ आहे.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खारटपणा वाढल्यावर फोफावणारे मीठप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला ‘रामसर’ पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणून पाणी जपले जात नाही. सांडपाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे. सांडपाण्याने खारेपणा उतरतो आणि पाण्यात घाण येते. नाव मंगळावर कायम राहील. ज्या मिठामुळे ते पडले, ते मीठ मात्र आपल्यालाच राखावे लागेल.