चिपाडाच्या गाडीपासून खाचेतल्या गाडीपर्यंत

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस धावली ती अहमदनगर–पुणे रस्त्यावर. महागणपतीचं रांजणगाव याच रस्त्यावरचं, त्यामुळे इथल्या पोरांना गाडीचं वेड लागायला वेगळं काही कारण लागलं नाही. दुकानातली चावीची मोटार शहरातल्या पोरांना. आमच्याकडे गाडी करायची म्हणजे करायचीच.

पहिली गाडी ज्वारीच्या ताटाची. ताटाची साल ब्लेडनं सोलायची, आतला मऊ गाभा सांगाड्याला, सालीच्या पट्ट्या वाकवून चाकं, आणि खिळ्याच्या जागी बाभळीचा काटा. शिरूर-दौंडकडे रब्बी ज्वारी आणि बाभळी दोन्ही उदंड, कच्च्या मालाची चिंता नाही. शिरूर तालुक्यातल्याच इनामगावला, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या वस्तीत मातीची एक देवी आणि एक बैल सापडले. देवीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे, काडी घातली की देवी बैलावर बसते. ते पूजेचं होतं, खेळण्यातलं नव्हे. पण काडी खुपसून दोन भाग जोडायची युक्ती मात्र आमचीच!

मग तारेची गाडी आली. रांजणगावला औद्योगिक वसाहतीची बांधकामं निघाली तशी बाइंडिंगची तार वाटेवर पडलेली मिळू लागली. आस म्हणून सायकलचा आरा, तो सैल फिरावा म्हणून रिकाम्या रिफिलची नळी, चाकं झिजलेल्या स्लीपरची. गाडीच्या पुढच्या आसापासून लांब तार वर आणून तिला स्टिअरिंगचं कडं करायचं आणि उभ्यानं चालवत गल्लीभर फिरायचं. पुढं याच वसाहतीत फियाटच्या मोटारी तयार होऊ लागल्या, २०१७ पासून जीप कंपासही. त्या गाड्या कशा वळतात ते आम्हाला तारेच्या कड्यानं आधीच शिकवलं होतं.

मोटरवर आपली आपण पळणारी गाडी करायची म्हटली की मात्र एकाच ठिकाणी अडायचं. गाडी बनते, पळतेही. ती वाटेवर ठेवायची कशी? इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांनी यावर सुरेख तोड काढली. १९५७ मध्ये त्यांची ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आली. ट्रॅकला खाच, गाडीच्या नाकाखालची खुंटी त्या खाचेत, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, आणि त्यातून येणारी वीज गाडीतल्या मोटारीला. वळवायचं खाचेनं, माणसाच्या हाती फक्त वेग. वळणावर जास्त दिला की गाडी खाच सोडून बाहेर.

गावात हे करायचं म्हटलं तर सामान होतंच. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, तिच्यापासून चाकापर्यंत सायकलच्या ट्यूबमधून कापलेला रबराचा पट्टा. हार्डबोर्डच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट ठेवली की खाच तयार, कोरायला नको. खाचेकडेच्या तांब्याच्या तारेसाठी विहिरीवरच्या मोटारी भरणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे जायचं. त्या तारेवर वार्निशचा थर असतो, पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय वीज पुढं जात नाही. गाडीखाली वीज उचलायला ब्रश म्हणून पिळलेल्या वायरचे सुटे केस.

वेगासाठी जुन्या शेगडीची कॉइल ताणून फळीवर बसवायची आणि तिच्यावरून पत्र्याची पट्टी सरकवायची. विकतच्या साध्या कंट्रोलरमध्येही गुंडाळलेली रोधक तारच असते, म्हणजे जुगाड शास्त्रशुद्ध होता. फक्त टेपची मोटर हट्टी. गाणं एका चालीत वाजावं म्हणून तिच्यात वेग आवरणारं सर्किट बसवलेलं असतं. सेल वाढवा, कॉइल सरकवा, ती आपल्याच चालीनं फिरणार. ते सर्किट काढून टाकलं तरच ती मोकळी होते.

अशा कचऱ्यातल्या विज्ञानाला पुण्यात एक मोठा माणूस लाभला. अरविंद गुप्ता कानपूर आयआयटीचे अभियंते, टेल्कोत ट्रक बनवणारे. १९७८ मध्ये ते रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथं त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब नि आगकाड्या जोडून आकार करायचं सुचलं. पुढं ते पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात मुलांसाठी टाकाऊतून खेळणी करत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्यासारख्या पोरांच्या खिशात जे नेहमीच असायचं, त्याला त्यांनी प्रयोगशाळेचा मान दिला, असं माझं मत आहे.

दोन गाड्यांची शर्यत लावली की खरा वाद. गोल ट्रॅकवर बाहेरची वाट लांब, आतली आखूड. बाहेरचा गडी कायम रडणार. उपाय इंग्रजी आठच्या आकड्याचा. दोन्ही वाटा एकदा आत, एकदा बाहेर, हिशेब सारखा. पण मध्ये वाटा एकमेकींना छेदतात, तिथं तारा भिडल्या तर शॉर्टसर्किट. म्हणून तेवढी जागा कोरी ठेवायची, गाडी आपल्या वेगानं ओलांडेल या भरवशावर. जड गाडी तिथंच थांबायची. मग बोटानं पुढं ढकलायची, आणि कुणी बोटभर जास्त ढकललं की शर्यत बाजूला राहून भांडण सुरू.