मॅरेथॉन धावपटू आणि बलार्धाचा नियम

भाद्रपद सरत आला की वैद्याच्या चिकित्सालयात अलीकडे एक निराळा रुग्ण दिसू लागतो. रूढ अर्थाने त्यास व्याधी नसतो. वय पस्तीस ते पंचावन्न, बैठा व्यवसाय, आणि जानेवारीतील मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून झालेले. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ साली. पूर्वी मोजक्या क्रीडापटूंपुरते असलेले हे धावणे आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. या रुग्णाचे प्रश्न ठरलेले असतात. गुडघा दुखतो, त्यावर काय घ्यावे? शक्ती टिकेल असे एखादे औषध आहे काय? आणि त्यातील चाणाक्ष असेल तो विचारतो, आयुर्वेदाने अतिव्यायाम निषिद्ध मानला आहे, मग मी धावावे की नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याची आपणांस घाई असते. खरा विचार तिसऱ्या प्रश्नाचा व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात तोच प्रामुख्याने केला आहे.

शर्यतीचे स्वरूप

१८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये स्पिरिडॉन लुइस या ग्रीक धावपटूने सुमारे ४० किलोमीटरची शर्यत तीन तासांच्या किंचित आत जिंकली. आजचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. पुढील प्रगती थक्क करणारी आहे. केनियाच्या एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिन येथे २ तास १ मिनिट ९ सेकंद, तर त्याच्याच देशाच्या केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंद अशी वेळ दिली. आपल्याकडे शिवनाथ सिंह यांनी १९७८ साली जालंधर येथे नोंदविलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिली, हेही येथे आदराने नमूद करावयास हवे.

या अंतराचे वैशिष्ट्य शरीरातील इंधनाच्या हिशेबात आहे. धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्ची पडते. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीस संपूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. यकृत व मांसपेशींत साठविलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, सर्वसाधारणपणे चारशे ते पाचशे ग्रॅम असते. तीतून सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी मिळतात. उरलेला भाग मेदातून यावा लागतो, आणि मेदाचे ज्वलन संथ असते. वेग आपल्या कुवतीबाहेरचा ठेवला तर शर्करा लवकर सरते व तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय एकाएकी शिशासारखे जड होतात. धावपटू यालाच 'भिंत लागली' असे म्हणतात. सावकाश धावण्याच्या दीर्घ सरावाने मेद जाळण्याची क्षमता वाढते, पेशींमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शर्करा पुरवून वापरली जाते. मॅरेथॉनची तयारी म्हणजे मुख्यत्वे हाच पालट होय.

बलार्ध कसे ओळखावे

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा आपला सर्वपरिचित नियम. तो बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासाठी आणि शीतकाल व वसंत या ऋतूंसाठी सांगितला आहे, इतर वेळी त्याहून कमी, हा त्याचा उत्तरार्ध मात्र पुष्कळदा विसरला जातो. अर्धी शक्ती ओळखावी कशी, याचे उत्तर सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात दिले आहे. व्यायाम करीत असता हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे श्वास तोंडावाटे घ्यावा लागला, की ते बलार्धाचे लक्षण होय. काख, कपाळ, नाक व सांधे यांवर येणारा घाम आणि तोंडाला पडणारी कोरड ही लक्षणेही परंपरेने जोडली आहेत.

आता आधुनिक प्रशिक्षक काय करतात ते पाहावे. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या सुमारास आपल्या धावपटूंना आठवड्याला शंभर मैलांपर्यंत धावविले, परंतु त्यातील बराच भाग सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या बेताच्या वेगाने. पुढे नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल क्रीडापटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांना सुमारे ऐंशी टक्के सराव हलका व वीसेक टक्केच तीव्र आढळला. केनियातील काप्तागात येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीसशे मीटर उंचीवर, किपचोगे आठवड्याला दोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असे. शर्यतीत किलोमीटरला तीन मिनिटांहून कमी वेळ घेणारा हा धावपटू हलक्या सरावाच्या दिवशी त्याहून कितीतरी सावकाश धावतो. आपल्याकडील नवशिका मात्र रोज सकाळी स्वतःच्या कालच्या वेळेशी झुंजत असतो आणि तीन महिन्यांत पोटरी किंवा नडगी धरून आपल्यासमोर बसतो.

बोलता येईल इतका श्वास हीच आजच्या प्रशिक्षकाची कसोटी आणि मुखाने श्वास सुरू होणे ही सुश्रुताचार्यांची. दोहोंत पडणारे हे साम्य लक्षणीय आहे. आचार्यांना रक्तातील लॅक्टेटचे गणित ठाऊक होते असे म्हणण्याचा अतिउत्साह आम्हांस मान्य नाही. त्यांनी माणसास श्रम करताना बारकाईने पाहिले होते, एवढे पुरेसे आहे.

येथे एक शंका येते. रोज अर्ध्याच शक्तीने धावणारा माणूस बेचाळीस किलोमीटर कसा धावणार? उत्तर चरकाचार्यांच्या त्रिविध बलात आहे. सहज व कालज बल आपल्या हाती नाही. युक्तिकृत बल आहार व योग्य चेष्टेने वाढते. बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. आज पाच किलोमीटरला धाप लागणाऱ्याचे बलार्ध सहा महिन्यांनी पंधरा किलोमीटरवर जाऊ शकते. नियम तोच राहतो, माप बदलते.

शर्यतीचा दिवस मात्र या नियमात बसत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. बहुतेकांसाठी पूर्ण मॅरेथॉन हा अतिव्यायामच आहे. तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी ही वाग्भटाचार्यांची यादी शर्यतीच्या अंतिम रेषेवरील वैद्यकीय तंबूत उभे राहून वाचावी, म्हणजे तिचा प्रत्यय येतो. केवळ आरोग्यासाठी धावणाऱ्यास दहा किलोमीटर पुष्कळ झाले, अर्धमॅरेथॉन ही हौस, आणि पूर्ण मॅरेथॉन वर्षातून एकदा, तीही दोन-तीन वर्षांच्या नियमित धावण्यानंतर, असे आमचे मत आहे. अव्वल धावपटूंनाही मर्यादा असतेच. किप्टमचा आठवड्याचा सराव अडीचशे किलोमीटरच्या वर जात असे, आणि असेच चालले तर हे शरीर फार वर्षे टिकणार नाही, अशी काळजी त्याच्या प्रशिक्षकानेच बोलून दाखविली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत रस्त्यावरील अपघातात दोघांचाही अंत झाल्याने तो प्रश्न अनुत्तरित राहिला. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा शास्त्रातील दृष्टान्त अशा वेळी आठवतो.

ऋतूंची अडचण

मुंबईची शर्यत जानेवारीत, म्हणजे बल उत्तम असणाऱ्या काळात येते, ही जमेची बाजू. पण सोळा ते वीस आठवड्यांची तयारी मागे मोजली तर ती भाद्रपद-आश्विनात सुरू होते. वर्षा ऋतूत आयास व आतप वर्ज्य सांगितले आहेत, शरदात पित्ताचा प्रकोप असतो, आणि नवशिक्याची सर्वांत लांब धाव नेमकी 'ऑक्टोबर हीट'मध्ये सुरू होते. छापील वेळापत्रके बहुधा थंड देशांतून आलेली असतात, त्यांत हा विचार नसतो. म्हणून आम्ही असा सल्ला देतो की शरदात अंतर हळूहळू वाढवावे पण वेगाचा सराव टाळावा, सूर्योदयापूर्वी धाव आटोपावी, आणि तीव्र सराव हेमंत लागल्यावर, मार्गशीर्षापासून करावा. शर्यतीपूर्वीचे दोन ते तीन आठवडे अंतर उतरते ठेवावे. नवरात्राचे उपवास व लांब धाव एकत्र करू नयेत. अजीर्ण असता त्या दिवशी धावूच नये.

व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन शास्त्रोक्त आहे व धावपटूस ते मानवते. पादाभ्यंग रात्री करावा. तेल लावलेल्या तळव्यांनी बुटात पाय घालून धावल्यास पाय सरकतो व फोड येतात. आहाराविषयी फार लिहिण्याची गरज नाही. केनियातील धावपटू मक्याच्या पिठाचा उगाली, पालेभाजी व दुधाचा चहा यांवर जगज्जेते होतात. आपली भाकरी, भात, दूध, तूप, खजूर यांत उणे काही नाही. धावेपूर्वी मीठ-तूप घातलेली तांदळाची पेज बहुतेकांना सोसते. शर्यतीच्या दिवशी नवे अन्न, नवे बूट व नवे औषध नको.

पाणी

वेगांचे धारण आणि उदीरण ही दोन्ही रोगाची कारणे होत, हे सूत्र मॅरेथॉनइतके ठळकपणे क्वचितच दिसते. तृष्णा हा अधारणीय वेग आहे. तो दाबून धावणे घातक, हे सर्वांस ठाऊक असते. तहान नसता पाणी पीत राहणे घातक, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आमच्या मते त्यासही उदीरणाच्याच जातीचे मानावयास हरकत नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या धावपटू स्त्रीचा मृत्यू अतिरिक्त द्रवपानाने रक्तातील सोडियम घसरल्यामुळे झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्तनमुन्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेरा टक्के धावपटूंचे सोडियम प्रमाणापेक्षा कमी होते, आणि धावताना वजन वाढणे ही त्याची ठळक खूण होती. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्या, प्रत्येक पाणपोईवर थांबणाऱ्या संथ धावपटूस हा धोका अधिक. तहान लागेल तेव्हा व तेवढेच प्यावे. धावण्याच्या आधी वा दरम्यान वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी वृक्कांस इजा होण्याचा धोका वाढतो.

चाळिशीपुढील, मधुमेही, उच्च रक्तदाब असलेल्या किंवा कुटुंबात अकाली हृद्रोग असलेल्या व्यक्तीस हृदयाची तपासणी झाल्याशिवाय संमती देऊ नये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनच्या एक कोटी नऊ लाख सहभागींत ५९ जणांचे हृदय बंद पडले. प्रमाण अत्यल्प असले तरी छातीत दडपण, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप ही लक्षणे सांगणाऱ्या रुग्णास धावण्यापासून थांबविणे हे वैद्याचे कामच आहे. आणि धावताना कोसळून जो असंबद्ध बोलतो व ज्याचे अंग तापले आहे, त्यास तेथेच बर्फाच्या किंवा गार पाण्यात बुडवून थंड करावे व मग रुग्णालयात हलवावे. अशा वेळी लेप, मात्रा व नाडीपरीक्षा यांत एक मिनिटही घालवू नये.

आपल्या औषधपेटीकडे

१९०४ च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन सुमारे ३२ अंश उष्णतेत व धुळीत झाली. धावले ३२, पोहोचले १४. विजेता थॉमस हिक्स यास वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन आणि सोबत ब्रँडी देण्यात आली होती. तो जवळजवळ शुद्ध हरपलेल्या स्थितीत, आधार घेत अंतिम रेषेपर्यंत आला. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुचल्यातील प्रमुख कार्यकारी द्रव्य.

हे सांगण्याचे कारण असे की स्पर्धाकाळात निषिद्ध असलेल्या उत्तेजकांच्या जागतिक यादीत स्ट्रिक्नीन आजही आहे, आणि विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी आपण कंबरदुखी वा अग्निमांद्यासाठी सहज लिहून देतो. धावपटूंना पोटाच्या तक्रारी नेहमीच्या. त्यांवर दिल्या जाणाऱ्या जातीफलादि चूर्णात भांग असते, कर्पूररसात अहिफेन. ही दोन्ही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. सोमलतेतील एफेड्रीनही ठराविक मर्यादेपलीकडे निषिद्ध आहे. हौशी धावपटूची चाचणी सहसा होत नाही. राज्य वा राष्ट्रीय पातळीवर धावणाऱ्या मुलामुलींची होते, आणि तेथे औषध कोणी व कोणत्या हेतूने दिले हे सांगून खेळाडूची जबाबदारी संपत नाही. ग्रामीण भागातून कष्टाने वर आलेल्या एखाद्या मुलीची काही वर्षे आपल्या एका चिठ्ठीने वाया जाऊ शकतात.

म्हणून धावपटू रुग्णास प्रथम विचारावे की तो स्पर्धक म्हणून नोंदणीकृत आहे काय व पुढील स्पर्धा केव्हा आहे. औषधांची नावे घटकद्रव्यांसह स्पष्ट अक्षरात लिहून द्यावीत व एक प्रत आपल्याकडे ठेवावी. पुड्या बांधून देण्याची पद्धत या रुग्णांपुरती तरी बंद करावी. ज्या योगातील घटकांची खात्री नाही, विशेषतः बाजारातील 'शक्तिवर्धक' चूर्णे व कॅप्सूल, ती देऊ नयेत. शंका असल्यास राष्ट्रीय डोपिंग विरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, विचारणा करून मगच चिठ्ठी लिहावी.