नको असलेले गर्भारपण : विनयातील आदर्श आणि आपले कर्तव्य

गर्भपात योग्य की अयोग्य, या प्रश्नावर आज जगात दोन तट पडलेले दिसतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली मान्य केलेला गर्भपाताचा घटनात्मक अधिकार त्याच न्यायालयाने २०२२ साली रद्द केला, आणि हा वाद पुन्हा पेटला. एक पक्ष गर्भाच्या जीवाविषयी बोलतो, दुसरा स्त्रीच्या अधिकाराविषयी. परंतु नको असताना गर्भ राहिलेल्या स्त्रीला आधार कोणाचा, तिच्यापुढे मार्ग कोणते, हा प्रश्न या गदारोळात मागे पडतो. धम्मसाहित्यात मात्र त्याला महत्त्वाचे स्थान आहे, असे आम्हाला वाटते.

शीलाची भूमिका

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेसाठी तीन गोष्टींचा संयोग आवश्यक मानला आहे : मातापित्यांचा समागम, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्बाची उपस्थिती. विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकाचे विवेचन करताना, मातेच्या उदरात प्रथम चित्त उत्पन्न होते तेव्हापासून मरणापर्यंत मनुष्यदेह मानावा, असा अर्थ दिला आहे. त्यामुळे गर्भपात ही किरकोळ बाब आहे, असे धम्माच्या आधारे म्हणता येत नाही.

याच प्रकरणात एक प्रसंग नोंदलेला आहे. पती परगावी असताना एका स्त्रीला अन्य पुरुषापासून गर्भ राहिला. तिने आपल्या कुळाशी संबंध असलेल्या भिक्खूकडे गर्भपाताचे औषध मागितले. त्याने ते दिले व गर्भ मृत झाला. भिक्खू पाराजिक ठरला, म्हणजे संघातून कायमचा बाहेर गेला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा दंड शिक्षापदे स्वेच्छेने स्वीकारलेल्या भिक्खूसाठी आहे. त्या स्त्रीला कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. उपासक-उपासिकांचे पंचशीलही असेच स्वतः ग्रहण करावयाचे असते; ते कोणी दुसऱ्याच्या वतीने घेत नाही. शील हा स्वतःच्या आचरणाचा मापदंड होय. त्याच्या बळावर दुसऱ्याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही.

कुमार कस्सपाची माता

निग्रोधमिग जातकाच्या प्रास्ताविक कथेत राजगृहाच्या एका श्रेष्ठिकन्येचा वृत्तान्त आहे. पतीच्या अनुमतीने ती देवदत्ताच्या पक्षातील भिक्खुनींमध्ये प्रव्रजित झाली. त्यावेळी ती गर्भवती होती, परंतु तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. पुढे गर्भ दिसू लागला. आपली अपकीर्ती होईल या भीतीने देवदत्ताने कोणतीही चौकशी न करता तिला घालवून दिले.

ती श्रावस्तीला जेतवनात आली. भगवंतांनी हे प्रकरण विनयधर उपालीकडे सोपविले. उपालीने राजा प्रसेनजिताच्या उपस्थितीत सभा भरविली आणि तपासणीचे काम विशाखेवर सोपविले. विशाखेने पडद्याआड तिची तपासणी केली, महिन्यांची गणना केली आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा असल्याचे सांगितले. भिक्खुनी निर्दोष ठरली. यथाकाल तिला पुत्र झाला, राजाने त्याचे पालन केले. तोच पुढे भिक्खू कुमार कस्सप म्हणून प्रसिद्ध झाला. विविध प्रकारे सुंदर धम्मकथन करणाऱ्यांत भगवंतांनी त्याला अग्रस्थान दिले.

देवदत्ताने लोकापवादाचा विचार केला. जेतवनात मात्र आधी सत्य शोधले गेले, ते शोधण्याचे काम एका जाणत्या स्त्रीकडे दिले गेले आणि जन्मलेल्या बालकाची जबाबदारी समाजातील समर्थ व्यक्तीने उचलली.

चुल्लवग्गात याच स्वरूपाचा नियमही आढळतो. प्रव्रज्येनंतर एका भिक्खुनीला मूल झाले, तेव्हा ते जाणते होईपर्यंत तिने त्याला वाढवावे, अशी अनुज्ञा भगवंतांनी दिली. शिवाय ती एकटी पडू नये म्हणून सोबतीला दुसरी भिक्खुनी नेमण्यास सांगितले.

महाराष्ट्रातील परंपरा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर व फुले यांना आपले गुरू मानले. त्यांपैकी महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुनर्विवाहाची बंदी असलेल्या विधवेला गर्भ राहिला की तिच्यापुढे आत्मघात किंवा बालहत्या एवढेच मार्ग उरत. या गृहात तिने गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय होती. सावित्रीबाईंनी ही जबाबदारी स्वतः वाहिली. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत यास या दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. फुले दांपत्याने उपदेश केला नाही. खोली, अंथरूण व दाई यांची व्यवस्था केली.

मुळात नको असता गर्भ राहूच नये, हा विचारही आपल्याकडे नवा नाही. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला होता.

आजचे मार्ग

आज अशा स्त्रीपुढे प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. पहिला, मूल जन्माला घालून स्वतः वाढविणे. कुटुंबाने व वस्तीने साथ दिली तरच हा मार्ग खरा ठरतो.

दुसरा मार्ग मूल दत्तकासाठी सोपविण्याचा. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये माता बालकल्याण समितीपुढे मूल विधिवत सोपवू शकते. त्याआधी तिला समुपदेशन दिले जाते आणि नंतर फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. मूल कोठेतरी सोडून जाण्याची गरज उरत नाही.

तिसरा मार्ग वैद्यकीय गर्भपाताचा. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, कायद्यातील कारणे लागू असल्यास वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. केवळ मुलगी नको म्हणून गर्भ पाडणे हा मात्र अगदी वेगळा विषय होय. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.

या तिन्हींपैकी कोणताही मार्ग दुःखरहित नाही. परंतु धाक, दारिद्र्य किंवा अज्ञान यांमुळे एकच मार्ग उरला असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही. अज्ञानामुळे व लाजेमुळे उशीर होतो. उशिरामुळे भोंदू वैद्याकडे जाणे घडते आणि स्त्रीचा जीव धोक्यात येतो. ही कारणपरंपरा तोडणे आपल्या हाती आहे. विहारातील महिला मंडळांनी जवळचे शासकीय रुग्णालय आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती यांची माहिती जवळ ठेवावी. अडचणीत असलेली मुलगी आली तर प्रथम तिचे ऐकून घ्यावे, गुप्तता पाळावी आणि तिच्यासोबत एका वडीलधाऱ्या स्त्रीने जावे. विशाखेने केले ते इतकेच होते, आणि प्रत्येक विहारात ते करता येण्यासारखे आहे.