अहमदपूरचा आकडा

पाकिटावर ‘अहमदपूर, जि. लातूर’ लिहून पुढे ४१३५१५ टाकताना त्या आकड्याकडे मी वर्षानुवर्षे नीट पाहिलेच नव्हते. पिनकोड म्हणजे टपालखात्याची सोय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर सरकारी अधिकारी, आणि संस्कृत कवीही! पहिल्या तीन अंकांवरून टपालाची छाटणी, शेवटच्या तिनांवरून टपाल कार्यालय. झाले, पत्र पोचले.

पण देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्याविषयी वाचल्यापासून आकडा दिसला की माझे हात शिवशिवतात. अनेक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव दूरवर गेले.

एका दुपारी मी ४१३५१५ कागदावर मांडला. अंकांची बेरीज १९. त्या १९ ने भाग गेला असता, तर ही कापरेकरांची ‘हर्षद’ संख्या ठरली असती. बाकी उरली १८. अवघ्या एकाने हुकली! मग अवयव पाडायला घेतले. ५ ने भागून ८२७०३ आले आणि तिथे गाडी अडली. ७, ११, १३ करत करत थेट १९१ ने भाग गेला. म्हणजे ५ × १९१ × ४३३, तिन्ही मूळ संख्या.

आता राहिली कापरेकरांची ‘स्वयंभू’ संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१ मध्ये ३ मिळवले की २४, म्हणून २१ ही २४ ची जनक. २० ला असा जनक सापडत नाही, म्हणून २० स्वयंभू.

आपला आकडा स्वयंभू आहे का? मागे मागे जात ४१३५०१ वर आलो. अंकांची बेरीज १४. मिळवले तर नेमके ४१३५१५! आणि ४१३५०१ हा तर धाराशिवचा पिनकोड. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत अहमदपूर तालुका त्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लेकराने बापाचे नाव सांगावे तसे झाले. योगायोगच हा. लागोपाठच्या क्रमांकांत असे जुळूही शकते. पण माझा चहा मात्र गार झाला.

तेवढ्यावर थांबलो नाही. ४१३४९२ मध्ये तिच्या अंकांची बेरीज २३ मिळवा, पुन्हा ४१३५१५. दोन जनक असलेल्या संख्येला कापरेकर ‘जंक्शन’ म्हणत. अशी सर्वांत लहान संख्या १०१. ती ९१ मधूनही निघते आणि १०० मधूनही. म्हणजे रेल्वे नसलेले आमचे अहमदपूर कागदावर जंक्शन निघाले! कापरेकरांना गंमत वाटली असती. आपल्या ‘डेम्लो’ संख्यांना त्यांनी नाव दिले होते तेही एका रेल्वे स्टेशनचे.

लातूरच्या ४१३५१२ चाही हिशेब लगेच करून पाहिला. तिला जनक एकच, ४१३४८६.